भिंतीकडची गोगलगाय

ताईंनी मला गोगलगायीचं हृदय दाखवलं तेव्हा मला त्यांच्या घरी भाड्याने येऊन आठवडाही झाला नव्हता.

जिन्यात भेटल्या. हातात काचेची बशी. म्हणाल्या, "वेळ आहे?"

मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या नाकातोंडावर धुतलेला रुमाल बांधला. डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावायला दिलं आणि बशीमागे विजेरी धरली. शंख नखासारखा पातळ होता. आत काहीतरी धूसर दिसत होतं. मी बघत राहिले. काही होईना. मग ते धूसर एकदा आकसलं. पुन्हा सगळं थांबलं. इतका वेळ थांबलं की मला वाटलं, मेली. मग पुन्हा आकसलं.

"हृदय," ताई म्हणाल्या. "झोपलीय. वर्ष होऊन गेलं."

"वर्षभर उठलीच नाही?"

"उठली नाही, खाल्लं नाही, प्यायली नाही. दार लावून बसलीय." शंखाच्या तोंडावरचा वाळलेला पापुद्रा त्यांनी टाचणीने लांबूनच दाखवला. "तो रुमाल काढू नकोस. आपल्या श्वासात ओल असते."

मी साहित्य शिकलेली आहे. झोपेवर आणि मरणावर मी पुष्कळ वाचलंय. त्या दिवशी जिन्यात मला त्यातली एक ओळ आठवली नाही.

ताई विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवतात. बोलायला हळू, चालायला हळू, रागवायला तर फारच हळू. वर्गात प्रश्न विचारला की त्या आधी खिडकीबाहेर बघतात, मग उत्तर देतात. तेवढ्यात मागच्या बाकावरचे दोघे डुलकी काढून घेतात, असं विद्यार्थी सांगतात. विभागात त्यांना गोगलगाय म्हणतात. तोंडावरही म्हणतात. एकदा त्यांचे विभागप्रमुख माझ्यासमोर म्हणाले, "आमच्या मॅडम म्हणजे गोगलगाय आणि पोटात पाय."

ताईंनी खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाल्या, "शास्त्राच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे, सर. तिचं पोट हाच तिचा पाय."

घरात त्या आणि त्यांचे वडील. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. भिंग त्यांचंच. रुमालाची सवयही त्यांचीच. "घड्याळ उघडलं की श्वास आपल्यापाशी ठेवायचा," हे वाक्य ताईंनी लहानपणी इतक्या वेळा ऐकलं, की त्या फोडणी देतानाही श्वास रोखतात, असं अण्णा सांगतात. माझी ओळख ते पाहुण्यांना अशी करून देत: "ही आमची वरची भाडेकरू. बाकीचे भाडेकरू विद्यापीठात, डब्यांत राहतात. ते भाडं देत नाहीत, पण आवाजही करत नाहीत."

ते डबे विभागाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत असत. खोली अरुंद आणि लांब. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला भिंत. दारापासून भिंतीपर्यंत एकच फळी. फळीवर जाळीच्या झाकणांचे डबे ओळीने मांडलेले. प्रत्येक डब्यात कोरड्या फांदीला चिकटून झोपलेल्या गोगलगायी. दाराजवळच्या खिळ्यावर हवेतली ओल मोजणारा मीटर. बसायला एक स्टूल. दुसरं माणूस आलं तर त्याने उभं राहायचं.

ही खोली जाणार होती. विभागप्रमुखांना जुन्या उत्तरपत्रिका ठेवायला जागा हवी होती. माणूस वाईट नव्हता. त्याने सरळ सांगितलं, "मॅडम, बाहेरून निधी आणा, खोली तुमची. नाहीतर सत्र संपताना डबे हलवा. मला वरून विचारतात, त्या खोलीत काय चालतं. मी काय सांगू? झोपा?"

निधी एकच होता, मिळण्यासारखा. ज्यांना बाहेरून कधीच पैसा मिळालेला नाही अशा प्राध्यापकांना संशोधन सुरू करायला म्हणून द्यायचा. कागदावर त्याचं नाव लांबलचक होतं. विभागात सगळे त्याला सीड मनी म्हणत. ताईंनी यापूर्वी दोन वेळा तो अर्ज भरला होता आणि पाठवला नव्हता.

"का नाही पाठवला?" मी विचारलं.

"खात्री नव्हती."

"कशाची?"

"उत्तराची."

अण्णा मध्ये पडले. "अगं, काम सुरू करायला पैसा हवा. आणि पैसा द्यायच्या आधी ते विचारतात, कामाचं काय झालं ते दाखवा. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. त्यात हिला दोन्ही नको."

या वेळी मात्र ताईंकडे दाखवायला काहीतरी होतं. एक आलेख. वर्षभरात तीन वेळा त्यांच्या गोगलगायी आपणहून जाग्या झाल्या होत्या. कुणी पाणी शिंपडलं नव्हतं. दाराजवळचा मीटर हलला नव्हता. तरी आधी एका डब्यात हालचाल, मग दुसऱ्या, मग भलत्याच तिसऱ्या. चौदा, तीन, नऊ, अशी उडी मारत जाग पसरत गेली होती. ताईंना वाटत होतं, जी उठते ती काहीतरी सोडते, वास म्हणा, आणि तो पोचला की दुसरी उठते.

अर्जात सामान्य वाचकासाठी एक पानभर सोपी माहिती मागितली होती. ते पान माझ्याकडे आलं. छापखान्यात मी दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं सरळ करते, तेव्हा हेही करशील का, म्हणून. मी लिहिलं, 'झोपलेल्या एका जीवाने दुसऱ्या झोपलेल्या जीवाला मारलेली हाक आपण ऐकू शकतो का?' लिहून झाल्यावर मी स्वतःवर खूश झाले. ताईंनी वाचलं, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाल्या, "सुंदर आहे. राहू दे."

अर्ज गेला. मुलाखतीला बोलावणं आलं. अण्णांनी दुसऱ्या दिवशी सकाळी उठून ताईंच्या पर्सची चेन दुरुस्त करून दिली.

मुलाखतीला पडद्यावर दाखवायची चित्रं आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर करत होतो. मला तो आलेख रुक्ष वाटत होता. मी म्हटलं, "ताई, नुसते आकडे कशाला? फळीचंच चित्र काढा ना. डबे जसे ठेवलेत तसे. उठले ते रंगवा. बघणाऱ्याला दिसेल तरी."

त्यांनी पट्टी घेऊन फळी काढली. डबे काढले. नंबर घातले. मग पिवळी पेन्सिल घेऊन पहिल्या वेळी जागे झालेले डबे रंगवायला लागल्या. चौदा. तीन. नऊ.

हात थांबला.

मी चित्राकडे बघितलं. पिवळे डबे तिन्ही एकमेकांना चिकटून होते. डाव्या टोकाला. भिंतीकडे.

घोळ कसा झाला होता ते मला नंतर नीट कळलं. आपल्या हातून पक्षपात होऊ नये म्हणून ताईंनी डब्यांना नंबर देताना चिठ्ठ्या टाकल्या होत्या. त्यामुळे तीन नंबरच्या शेजारी चार नंबर नव्हता, नऊ होता. नंबर चिठ्ठीने दिले, पण डबे वर्षभर आपापल्या जागी बसून राहिले. आलेख नंबरांचा होता. म्हणून त्यावर जाग उड्या मारताना दिसली. फळीवर ती उड्या मारतच नव्हती. भिंतीपासून दाराकडे एकेक डबा सरकत होती. दाराकडच्या डब्यांतल्या तर वर्षभर उठल्याच नव्हत्या. इतकी काळजी दुसऱ्या कुणी घेतली नसती, म्हणून ही चूकही दुसऱ्या कुणाकडून झाली नसती.

"चल," ताई म्हणाल्या.

त्या इतक्या भरभर चालू शकतात हे मला माहीत नव्हतं. खोलीत जाऊन त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला. मग माझा हात धरून तिथे ठेवला. भिंत गार होती. एका जागी रंगाला बारीक फुगा आला होता. वर रसायनशास्त्राची प्रयोगशाळा. तिच्या बेसिनचा सांडपाण्याचा पाइप याच भिंतीतून खाली येत होता.

"वर प्रात्यक्षिक परीक्षा कधी असतात?" मी विचारलं.

"वर्षातून तीनदा," ताई म्हणाल्या, आणि स्टुलावर बसल्या.

कुणी कुणाला हाक मारली नव्हती. पाइप गळत होता.

मला रडू येत होतं. माझं वाक्य गेलं म्हणूनही असेल. मी म्हटलं, "ताई, मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे. हे आपल्या दोघींनाच माहीत आहे."

"गोगलगायींना माहीत आहे," त्या म्हणाल्या.

बराच वेळ त्या मीटरकडे बघत बसल्या. मग त्या उठल्या, मीटर खिळ्यावरून काढला आणि पुन्हा लावला. "हा दाराकडे होता. म्हणून त्याला कळलं नाही, असं असेल. किंवा..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. पण मी त्यांच्याकडे बघितलं आणि दचकले. ज्या बाईचा वर्षभराचा पुरावा आत्ता पाण्यात गेला, तिचे डोळे चमकत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विभागप्रमुखांना सगळं सांगितलं.

"मुलाखतीच्या तोंडावर?" सर खुर्चीतून उठले. "मॅडम, लोक अशा वेळी पुरावे गोळा करतात. तुम्ही फेकताय!" मग त्यांनी आपल्या परीने मदत केली. प्लंबरला बोलावलं.

आम्ही पोचलो तेव्हा प्लंबर भिंत फोडून बसला होता. वर बेसिनचा नळ सोडून ठेवला होता, खाली पाइप उघडा पडला होता. सांध्यातून थेंब जमत होता, पडत होता, जमत होता.

"दुरुस्त करू नका," ताई म्हणाल्या.

प्लंबरने पाना खाली ठेवला. "काय?"

"गळू द्या."

"मॅडम, गळती थांबवायची मजुरी घेतो मी. गळती ठेवायचा रेट माझ्याकडे नाही."

"तसं नाही. पाइप दुरुस्त करा. पण त्याच जागी नळाच्या पाण्याचा एक बारीक कॉक बसवून द्या. मी फिरवला की इतकीच ओल यावी. बंद केला की भिंत वाळावी."

प्लंबरने माझ्याकडे बघितलं. या शुद्धीवर आहेत ना, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. "माझ्या बायकोला सांगतो," तो म्हणाला. "ती म्हणते, माझ्याकडेच सगळी वेडी गिऱ्हाइकं येतात. तिला खोटं वाटतं." मग त्याने खिशातून पेन्सिल काढली आणि भिंतीवरच विचारायला लागला, कॉक इथे की इथे.

भिंत वाळायला चार दिवस दिले. मुलाखतीआधी एकच रविवार उरला होता. वरची प्रयोगशाळा बंद. ताई मला म्हणाल्या, "तू ये. तूच पाहिजेस."

"मी? मला यातलं काही कळत नाही."

"म्हणूनच."

त्यांनी मला खोलीत एकटीला सोडलं. सांगितलं, चिठ्ठ्या टाक आणि डबे हलव. कुठला कुठे ठेवलास ते मला सांगू नकोस. कॉक फिरवलास की बघत बस. जे दिसेल ते लिही, जे वाटेल ते लिहू नकोस. मग त्या बाहेर गेल्या आणि दाराकडे पाठ करून बोळातल्या बाकावर बसल्या.

"आत या ना," मी म्हटलं.

"नको. त्यांनी उठावं असं मला फार वाटतंय. तसं वाटणाऱ्या माणसाने आत असू नये."

हे मी अजून पुरतं पचवलेलं नाही. खोली त्यांची, वर्ष त्यांचं, जे जायचं तेही त्यांचंच. आणि आपली इच्छा खोलीबाहेर काढायची म्हणून त्या स्वतःच उठून बाहेर बसल्या.

मी रुमाल बांधला. या वेळी मीटर भिंतीलाच टेकवून ठेवला होता. मी कॉक फिरवला. भिंतीत काही ऐकू आलं नाही. डब्यांत काही हललं नाही. बाहेर ताईंची चप्पल एकदा वाजली, मग तीही थांबली. मी भिंग लावून या डब्यातून त्या डब्यात बघत होते. मनात एक विचार आला, नाही उठल्या तर काय. मी तो लिहिला नाही.

दुपार कलली. मीटरचा काटा होता तिथेच होता.

मग भिंतीकडच्या पहिल्या डब्यात एका शंखाच्या तोंडावरचा पापुद्रा काळसर झाला. कागदावर तेलाचा डाग पसरतो तसा. मध्ये एक सुरकुती पडली. आतून कुणीतरी ती ढकलली. पापुद्रा एका कडेने सुटला आणि करडं, ओलं, जिवंत काहीतरी बाहेर आलं. थांबलं. त्याला शिंगं फुटली. आधी खालची दोन, मग वरची लांब दोन. त्यांच्या टोकाला डोळे. ते इकडे तिकडे वळले.

मी मीटर बघितला. काटा हलला नव्हता.

पुन्हा बघितला. डोळे पुसून बघितला. नव्हता.

डब्याचा नंबर बघितला. अकरा. हा डबा वर्षभर दाराजवळ होता. यातली एकही गोगलगाय त्या वर्षात उठली नव्हती. मीच तो चिठ्ठी काढून भिंतीकडे आणला होता.

मी श्वास रोखला होता, हे मला छातीत दुखायला लागल्यावर कळलं.

मीटर हलला तो चहाच्या वेळेला. तोवर भिंतीकडच्या तीन डब्यांत शिंगं निघाली होती. तेव्हा मी बाहेर गेले. ताईंनी वळून बघितलं नाही. मी सगळं वाचून दाखवलं. भिंतीकडची आधी. मीटरच्या आधी. नंबर अकरा.

खिडकीबाहेर बघावं तसं त्यांनी समोर बघितलं, पण तिथे खिडकी नव्हती, नुसती भिंत होती. मग पदराने नाक पुसलं, आत आल्या आणि कॉक बंद केला.

"आता परत झोपतात का बघू," म्हणाल्या.

मुलाखतीला पडद्यावरची चित्रं पुढे सरकवायला म्हणून मला आत बसू दिलं. समोर पाच जण. ताईंनी खुर्चीत बसण्याआधीच सांगितलं, "अर्जातला आलेख चुकीचा आहे. तो धरू नये."

पाचही जणांनी कागद खाली ठेवले. अध्यक्ष वयस्क होते, चष्मा कपाळावर. ते म्हणाले, "सकाळपासून सगळे पास होऊन येतायत. नापास होऊन आलेल्या तुम्ही पहिल्याच."

ताईंनी चिठ्ठ्यांचं सांगितलं. पाइपचं सांगितलं. कॉकचं सांगताना एक बाई तोंडावर हात ठेवून हसल्या. रविवारचं सांगितलं तेव्हा कुणी हसलं नाही.

"असे प्रयोग किती झाले?" अध्यक्षांनी विचारलं.

"एकच."

"एकावर आम्ही पैसे द्यायचे?"

ताईंनी बाहेर बघितलं. अध्यक्षांनीही बघितलं, काय आहे तिकडे म्हणून. "वीस झाले असते तर मी मागायला आले नसते," त्या म्हणाल्या. "हा निधी सुरुवातीचा आहे ना? मी सुरुवातीलाच आहे."

"आणि याचा उपयोग?"

"अजून माहीत नाही. आपल्या मीटरला जे कळत नाही ते तिला झोपेत कळतं, आणि तेही बंद दाराआड. एवढंच माहीत आहे. तेही एका रविवारपुरतं."

मी पुढचं चित्र दाखवायला विसरले. कुणी आठवणही केली नाही.

निकाल महिन्याने आला. निधी मंजूर. सोबत नेहमीच्या अटी. त्यातली एक अशी, की विभागप्रमुखांनी खोली कोरडी असल्याचा दाखला द्यावा. उपकरणांना ओल चालत नाही. सर तो कागद घेऊन खोलीत आले. दारातच उभे राहिले, कारण स्टुलावर ताई होत्या. कॉककडे बघितलं, भिंतीला हात लावला.

"आत्ता कोरडी आहे?"

"आत्ता आहे, सर."

"मग मी काय लिहू?"

"खरं आहे ते लिहा."

सरांनी दाराच्या चौकटीला कागद टेकवून लिहिलं, 'खोली कोरडी आहे. मॅडमच्या परवानगीशिवाय ओल येत नाही.' खाली सही केली. जाताना म्हणाले, "उत्तरपत्रिकांचं बघतो मी कुठेतरी. तुमच्या भाडेकरूंना सांगा, झोपा."

अण्णांनी त्या संध्याकाळी भिंगाची काच उघडून पुसली आणि पुन्हा बसवली. "माझ्या दुकानात ज्या घड्याळाला हात लावायला नको ते मी कपाटात ठेवून द्यायचो," म्हणाले. "ही वर्षभर नुसतं बघत बसली. कुणावर गेलीय कोण जाणे." मग त्यांनी खोकून घेतलं आणि चहा मागितला.

मी वर जायला निघाले तर ताईंनी जिन्यात थांबवलं. तीच जागा.

"रविवारी येशील? डबे हलवायला."

"येईन."

"आणि त्याच्या पुढच्या?"

"तेव्हाही."

त्यांनी माझ्याकडे बारकाईने बघितलं, शंखाकडे बघतात तसं. "परवा तू मला विचारलंस, अकरा नंबरच्या परत झोपल्या का."

"हो. का? झोपल्या ना?"

"तेच. तुला आता वाटायला लागलंय." त्या हळूच हसल्या. "थोडे रविवार चालशील. मग मला दुसरं कुणीतरी शोधावं लागेल, आणि तुला माझ्याबरोबर बाहेर बाकावर बसावं लागेल."